मिहानचा पगार आणि लेकराची खावटी

नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रोडच्या कडेने ४,००० हेक्टरांहून अधिक जमिनीवर मिहान पसरले आहे. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांच्या शेतशिवारावर मालवाहू विमानतळाचा, विशेष आर्थिक क्षेत्राचा आणि कारखान्यांचा आराखडा आखला गेला. आज तिथे आयटी कंपन्या आहेत, विमान दुरुस्तीचे केंद्र आहे, एम्स आहे, आयआयएम आहे. या सगळ्या इमारतींची झाडलोट करणारे, फाटकावर रात्रभर उभे राहणारे, गाड्या चालवणारे, माल चढवणारे हात मात्र बहुतेक ठेकेदाराच्या हजेरीपटावरचे आहेत. त्यांत आपल्या वस्त्यांतली तरुण पोरे मोठ्या संख्येने आहेत. काही थोडी शिकून-सवरून संगणकापुढेही बसली आहेत.

मिहानमध्ये किती रोजगार आला, भूमिपुत्रांना किती मिळाला, जमिनीचा मोबदला कुणाच्या खिशात गेला, यावर मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, अग्रलेख लिहिले गेले. ते योग्यच झाले. पण त्या पगाराचे आणि त्या मोबदल्याचे घरात शिरल्यावर पुढे काय होते, हा प्रश्न मोर्चात येत नाही. विशेषतः नवरा-बायको वेगळे झाले असतील, तर त्या पैशात लेकराचा वाटा किती आणि तो वसूल कसा करायचा, यावर आपण तोंड उघडत नाही. ती घरातली गोष्ट म्हणून सोडून देतो.

ती घरातली गोष्ट नाही. ती हक्काची गोष्ट आहे. म्हणून आज तिच्याविषयी स्पष्ट बोलायचे आहे.

खावटी कुणाची?

कायद्याच्या पुस्तकात तिला निर्वाह भत्ता म्हणतात, कोर्टाच्या आवारात पोटगी म्हणतात आणि गावाकडे खावटी. "तिने खावटी लावली" असे वाक्य आपण सहज बोलतो. जणू काही त्या बाईने कुणावर केस ठोकून सूड उगवला! या एका वाक्यात लेकरू नाहीसे होते. राहतात फक्त भांडणारे नवरा-बायको.

खरी गोष्ट अशी की, बायकोची पोटगी आणि लेकराची पोटगी हे दोन वेगळे हक्क आहेत. बायको विनाकारण नांदायला येत नाही, तिचे वर्तन ठीक नाही, असे आक्षेप नवरा कोर्टात घेऊ शकतो. ते खरे ठरले तर तिची पोटगी नाकारली जाऊ शकते. परंतु हे आक्षेप लेकराला लागू पडत नाहीत. लेकराने काय गुन्हा केला? आई माहेरी राहते की सासरी, ती कमावते की नाही, बाप दुसरे लग्न करून बसला आहे की नाही, याने लेकराचा जन्म बदलत नाही आणि बापाची जबाबदारी संपत नाही.

इतकेच काय, आई-बापाचे लग्न कायदेशीर नव्हते तरीही लेकराचा हक्क उरतो. पहिली बायको हयात असताना केलेल्या दुसऱ्या लग्नातली बाई या कलमाखाली 'पत्नी' ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दिला. पुढे २०१३ साली, पुन्हा महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, पहिले लग्न लपवून फसवलेल्या बाईला पोटगी द्यावीच लागेल, असे त्याच न्यायालयाने म्हटले. बाईच्या बाबतीत असे उलटसुलट झाले. पण लेकराच्या बाबतीत कायद्याची भाषा पहिल्यापासून सरळ आहे. औरस असो वा अनौरस, लेकराला पोसावेच लागेल.

बाबासाहेबांचा कोड आणि आपण

२० जुलै १९४२ रोजी नागपुरातच अखिल भारतीय दलित महिला परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. समाजाची प्रगती आपण त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, हा विचार बाबासाहेबांनी तिथे हजारो बायकांपुढे मांडला. लग्नाची घाई करू नका, फार मुले जन्माला घालू नका, मुलांना शिकवा, नवऱ्याच्या बरोबरीने उभ्या राहा, असे त्यांनी बजावले. पुढे कायदामंत्री म्हणून त्यांनी हिंदू कोड बिल हाती घेतले. विवाह, घटस्फोट, वारसा, दत्तक, पोटगी या साऱ्या गोष्टी त्यात होत्या. ते बिल रखडवले गेले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तेच बिल नंतर तुकडे करून १९५५ आणि १९५६ मध्ये चार कायद्यांच्या रूपाने मंजूर झाले.

त्यातला शेवटचा कायदा दत्तक आणि निर्वाहाचा. तो २१ डिसेंबर १९५६ रोजी लागू झाला. म्हणजे महापरिनिर्वाणानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी. या कायद्याचे कलम २० सांगते की, औरस-अनौरस मुलांना सांभाळण्याची जबाबदारी आई आणि बाप दोघांवरही आहे. अविवाहित मुलगी स्वतःच्या मिळकतीवर जगू शकत नसेल तर अठरा वर्षे उलटल्यावरही ती जबाबदारी सुटत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा एकदा स्पष्ट केले.

इथे एक पळवाट आपल्याच लोकांनी शोधली आहे, तिचा समाचार घेतला पाहिजे. "आम्ही बौद्ध आहोत, आमचे लग्न विहारात झाले, हिंदूंचा कायदा आम्हाला लागू नाही," असे सांगून काही बहाद्दर हात झटकतात. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा असावा ही चळवळीची मागणी जुनी आहे आणि रास्तही आहे. पण तो होईपर्यंत या चारही कायद्यांत बौद्ध, जैन, शीख यांचा समावेश त्यांच्या शब्दांतच केलेला आहे. शिवाय फौजदारी संहितेतले पोटगीचे कलम कुठल्याही धर्माला विचारत नाही. बौद्ध, हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, सर्वांच्या लेकरांना ते सारखेच आहे. धम्म स्वीकारला तो जबाबदारी वाढवण्यासाठी. लेकराला उपाशी ठेवण्याची सवलत म्हणून त्याचा वापर करणे ही दीक्षाभूमीची विटंबना आहे.

कायद्याचे रस्ते

रस्ते अनेक आहेत आणि त्यांची माहिती नसल्यामुळेच बाई वर्षानुवर्षे तिष्ठत बसते. म्हणून ते नीट समजून घेऊ.

पहिला रस्ता सर्वांना ठाऊक असलेल्या कलम १२५ चा. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले हे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ म्हणून आले आहे. आकडा बदलला, आशय तोच. केंद्राच्या जुन्या कायद्यात महिन्याला ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ साली काढून टाकली गेली. त्याच दुरुस्तीने अंतरिम पोटगीची तरतूद आली आणि नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत अंतरिम अर्ज निकाली काढावा, असे सांगितले गेले. नागपूर शहरात हा अर्ज कुटुंब न्यायालयात करायचा. जिथे कुटुंब न्यायालयाचे क्षेत्र नाही, तिथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे. नवरा पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला निघून गेला म्हणून बाईने तिथे खेटे घालण्याची गरज नाही. ती आज जिथे राहते तिथल्या कोर्टात अर्ज चालतो.

दुसरा रस्ता हिंदू विवाह कायद्याचा. घटस्फोटाचा किंवा नांदायला येण्याचा दावा चालू असेल, तर त्याच दाव्यात कलम २६ खाली मुलांचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण यांचे आदेश मागता येतात. तिसरा रस्ता वर सांगितलेल्या १९५६ च्या कायद्याचा. आणि चौथा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचा. त्यात छळ झालेल्या बाईला स्वतःसाठी आणि मुलांसाठी पैसे मागता येतात.

एकाहून अधिक रस्त्यांनी जाता येते, मात्र एका कोर्टाने दिलेली रक्कम दुसऱ्या कोर्टापासून लपवता येत नाही. आधीचा आदेश सांगावा लागतो आणि तेवढी रक्कम वजा धरली जाते.

पुरावा काय लागतो? लग्नाचे नोंदणी प्रमाणपत्र असेल तर उत्तम. पण ते नाही म्हणून बाईने घाबरू नये. विहारातल्या लग्नाची पत्रिका, फोटो, साक्षीदार, रेशनकार्ड, आधार हे सारे चालते. लेकरासाठी जन्माचा दाखला, त्यावरचे बापाचे नाव, शाळेचा दाखला, लसीकरणाचे कार्ड. फौजदारी कलमाखालच्या पोटगीत लग्नाच्या काटेकोर पुराव्याचा आग्रह धरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा म्हटले आहे.

काही बाप शेवटचे हत्यार काढतात: "हे लेकरू माझे नाहीच!" डीएनए तपासणीत बाप वेगळा ठरला तर पोटगी लागत नाही, असा निकाल २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला, हे खरे. पण उठसूट लेकराचे रक्त तपासायला लावता येणार नाही, त्यालाही स्वतःची प्रतिष्ठा आहे, असेही त्याच न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये बजावले. आईवरचा राग काढण्यासाठी लेकराच्या जन्मावर डाग टाकणारा बाप कोर्टात हरो की जिंको, माणूस म्हणून तो आधीच हरलेला असतो.

पंचांचा स्टॅम्प पेपर

आता आपल्याच अंगणातली गोष्ट. वस्तीत नवरा-बायकोचे बिनसले की बैठक बसते. चार जाणती माणसे, दोन कार्यकर्ते, एखादा माजी नगरसेवक. त्यांचा हेतू चांगला असतो, कोर्टकचेरीचा खर्च आणि वेळ वाचावा असे त्यांना वाटते. मग स्टॅम्प पेपरवर फारकत लिहिली जाते. "आजपासून दोघांचा एकमेकांवर काही हक्क नाही. एकरकमी अमुक रुपये मिळाले. मुले आईकडे राहतील. पुढे खावटी मागणार नाही." खाली सह्या, अंगठे आणि पंचांची नावे.

या कागदाने दोन माणसे स्वतःचा हक्क सोडत असतील, पण लेकराचा हक्क सोडण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला? लेकरू त्या बैठकीत नव्हते. त्याने सही केलेली नाही. अज्ञानाच्या वतीने त्याच्या पोटावर पाणी सोडणारी अट कोर्ट बंधनकारक मानत नाही. आईने लिहून दिले असले तरी लेकराच्या वतीने पुन्हा अर्ज करता येतो. आणि मुळात अशा कागदाने बहुतेक वेळा कायदेशीर घटस्फोटही होत नाही. परस्पर संमतीचा घटस्फोट हवा असेल तर तो कोर्टातूनच घ्यावा लागतो.

म्हणून आपल्या पंचांना आणि कार्यकर्त्यांना हात जोडून विनंती आहे. समेट जरूर घडवा. पण "पुढे खावटी मागणार नाही" हे वाक्य लिहू नका. त्याऐवजी लेकराचा दरमहा खर्च किती, शाळेची फी कोण भरणार, दवाखान्याचे बिल कुणाकडे, पैसे कोणत्या तारखेला कोणत्या बँक खात्यात जमा होणार, हे लिहा आणि ते कोर्टापुढे ठेवून त्यावर आदेश घ्या. आदेश झाला की त्याला दात येतात. नुसत्या स्टॅम्प पेपरला दात नसतात.

पगार कुठे लपतो?

मिहानच्या परिसरात या प्रश्नाला एक वेगळे वळण आहे. कायम नोकरीतल्या माणसाचा पगार कागदावर असतो. ठेकेदाराच्या माणसाचा पगार अर्धा बँकेत, अर्धा हातात. ठेकेदार दर वर्षी बदलतो, माणूस तोच राहतो. कोर्टात विचारले की उत्तर तयार असते: "साहेब, काम सुटले. सध्या बेकार आहे." दुसऱ्या दिवशी तोच माणूस दुसऱ्या ठेकेदाराची वर्दी घालून त्याच फाटकावर उभा! ज्याला जमिनीचा मोबदला मिळाला, तो पैसा गाडीत गेला, भावाच्या नावावर घेतलेल्या प्लॉटमध्ये गेला. कोर्टात मात्र तो भूमिहीन मजूर.

या लपवाछपवीवर सर्वात मोठा निकाल नागपूरच्याच मातीतून गेला आहे, हे आपल्या किती लोकांना माहीत आहे? एका आईने सप्टेंबर २०१३ मध्ये स्वतःसाठी आणि तान्ह्या मुलासाठी अंतरिम पोटगीचा अर्ज केला. कुटुंब न्यायालयाचा आदेश व्हायला ऑगस्ट २०१५ उजाडला. आईला दरमहा १५,००० रुपये आणि मुलाला आधी ५,००० व पुढे १०,००० रुपये, तेही अर्जाच्या महिन्यापासून. नवरा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला. तिथे २०१८ मध्ये त्याची याचिका फेटाळली गेली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. आर. सुभाष रेड्डी यांच्या पीठाने आदेश कायम केला आणि थकबाकी १२ आठवड्यांत भरायला सांगितले. अर्ज झाला तेव्हा मांडीवर असलेले मूल तोवर शाळेत जाण्याच्या वयाचे झाले होते. हाही अंतरिम आदेशच, मूळ अर्ज वेगळाच!

पण या विलंबातूनच न्यायालयाने साऱ्या देशासाठी नियम घालून दिले. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात नवरा आणि बायको दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचे सविस्तर शपथपत्र भरायचे. शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे, त्यात जमिनीची माहिती द्यावी लागते. खोटी माहिती दिली तर कारवाई होऊ शकते. अंतरिम अर्ज शपथपत्रे आल्यापासून चार ते सहा महिन्यांत निकाली काढायचा. आणि पोटगी आदेशाच्या तारखेपासून नव्हे, तर अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची. म्हणजे तारखा लांबवून पैसे वाचवण्याचा धंदा बंद झाला. निदान कागदावर तरी.

याचा उपयोग आपण करून घेतला पाहिजे. नवऱ्याचा भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, ईएसआयसी कार्ड, गेटपासचा फोटो, पगाराचे मेसेज, बँकेचे नाव, मोबदल्याच्या आदेशाची प्रत, सातबारा, गाडीचा नंबर, जे सापडेल ते जपून ठेवावे. कोर्टाला अर्ज करून कंपनीकडून, ठेकेदाराकडून, बँकेकडून कागद मागवता येतात. पोटगीच्या वादात नवऱ्याच्या पगाराची माहिती ही केवळ त्याची खाजगी बाब राहत नाही, असे नागपूर खंडपीठाने २०१८ साली म्हटले होते. पण माहिती अधिकाराच्या अर्जावर विसंबून राहण्यापेक्षा कोर्टामार्फत कागद मागवणे अधिक खात्रीचे. घटस्फोटाच्या दाव्यात कायम पोटगी ठरत असेल तर ती सुरक्षित राहावी म्हणून स्थावर मालमत्तेवर बोजा चढवण्याची मागणीही करता येते.

बेकारीच्या बहाण्यालाही उत्तर आहे. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना, बायको-लेकरांना पोसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा सांगितले. गाडीचा हप्ता, मोबाईलचा हप्ता, मित्राचे उसने, ही स्वतःहून ओढवून घेतलेली देणी लेकराच्या ताटाच्या आधी येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये तर न्यायालयाने पोटगीच्या थकबाकीला कर्जदारांच्या, बँकांच्या वसुलीपेक्षाही वरचे स्थान दिले.

आदेश झाला, पैसे कुठे?

खरी लढाई आदेशानंतर सुरू होते. बहुतेक बायका इथेच थकतात. म्हणून वसुलीचे नियम पाठ करून ठेवले पाहिजेत.

पहिला नियम: आदेशाची प्रत मोफत मिळते, ती घ्या. माणूस देशात कुठेही असो, तो जिथे असेल तिथला दंडाधिकारी त्या आदेशाची अंमलबजावणी करू शकतो.

दुसरा नियम: पैसे थकले की थांबू नका. ज्या दिवशी रक्कम देय झाली तेव्हापासून एका वर्षाच्या आत वसुलीच्या वॉरंटसाठी अर्ज केला पाहिजे. "देईल आज ना उद्या" म्हणत दोन वर्षे काढली तर जुन्या थकबाकीसाठी हा सोपा रस्ता बंद होतो.

तिसरा नियम: वॉरंट काढूनही भरले नाही तर थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत, किंवा आधी भरले तर भरेपर्यंत, कैद होऊ शकते. आणि कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच स्पष्ट केले आहे. तुरुंग ही वसुलीची रीत आहे, पावती नव्हे.

चौथा नियम: पगारावर टाच. पोटगीचा आदेश दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे वसूल करता येतो, असे २०२० च्या निकालात म्हटले आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे साध्या कर्जासाठी पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुरक्षित राहतात. पोटगीसाठी मात्र फक्त एक-तृतीयांश पगार सुरक्षित राहतो. समजा, एखाद्या सुरक्षा रक्षकाचा पगार १८,००० रुपये आहे. सावकाराच्या हुकूमनाम्यात ढोबळ हिशेबाने ५,६६७ रुपयांवर टाच येईल. पोटगीच्या हुकूमनाम्यात १२,००० रुपयांपर्यंत येऊ शकते. लेकराचे पोट सावकाराच्या व्याजाहून मोठे आहे, हे कायद्याने आकड्यात लिहून ठेवले आहे.

पाचवा नियम मिहानसाठी सर्वात महत्त्वाचा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २०(६) प्रमाणे, नवरा पैसे देत नसेल तर दंडाधिकारी थेट मालकालाच आदेश देऊ शकतो की, याच्या पगारातला हिस्सा परस्पर बाईला द्या किंवा कोर्टात भरा. नवऱ्याला कुणी पैसे देणे लागत असेल, तर त्या देणेकऱ्यालाही असा आदेश देता येतो. आपल्या वकिलांनी हे कलम कपाटातून बाहेर काढावे.

वकील परवडत नाही? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती आणि जमातीच्या व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी त्यांचे उत्पन्न बघितले जात नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, १५१०० या क्रमांकावर फोन करा. महाराष्ट्रात पोटगीच्या दाव्यात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, ती सवलत १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने दिलेली आहे. कुटुंब न्यायालयात तर बाईला स्वतःची बाजू स्वतः मांडता येते.

बापांनाही दोन शब्द

हा लेख केवळ बायकांसाठी नाही. आयटी कंपनीत दोघेही कमावत असतील तर लेकराचा भार दोघांनी आपापल्या मिळकतीच्या प्रमाणात उचलायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच म्हटले आहे. लेकरू बापाकडे असेल आणि आई चांगली कमावती असेल तर तिनेही वाटा उचलला पाहिजे. समता दोन्ही बाजूंनी असते.

खरोखर नोकरी गेली, आजारपण आले, तर पैसे बंद करून तोंड लपवू नका. परिस्थिती बदलली म्हणून रक्कम कमी करण्याचा अर्ज करता येतो. तसाच लेकरू मोठ्या वर्गात गेले, पगार वाढला, म्हणून रक्कम वाढवण्याचाही अर्ज आईला करता येतो. "भेटू देत नाही म्हणून देत नाही" हा तर सर्वात वाईट सौदा. भेटीसाठी वेगळा अर्ज आहे, तो करा आणि हक्काने भेटा. लेकराची भेट आणि लेकराचे जेवण यांची अदलाबदल करू नका.

मागणी कुणाकडे?

हे सगळे नियम असूनही भार शेवटी एकट्या बाईच्या डोक्यावर राहतो. तिनेच अर्ज करायचा, तिनेच नवऱ्याचा पत्ता शोधायचा, तिनेच दर तारखेला मजुरी पाडायची. हे असेच असते असे नाही. अमेरिकेत १९७५ पासून लेकराची पोटगी वसूल करणे हे सरकारी यंत्रणेचे काम आहे. तिथे मालक पगारातून रक्कम कापून यंत्रणेकडे पाठवतो. ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये अशीच व्यवस्था कर खात्याच्या आधाराने उभी केली. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारावर भारताने १९९२ साली शिक्कामोर्तब केले आहे. त्याच्या कलम २७ मध्ये पालकांकडून निर्वाहाची रक्कम वसूल करून देण्याची उपाययोजना करणे हे शासनाचे कर्तव्य म्हटले आहे. आपल्याकडे कर्ज बुडाले तर बँकेसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. लेकराची खावटी बुडाली तर त्याच्यासाठी कोण आहे?

म्हणून मिहानच्या मोर्चात आता आणखी एक ओळ लिहिली पाहिजे. इथल्या प्रत्येक कंपनीने आणि ठेकेदाराने पोटगीच्या आदेशाप्रमाणे पगारकपात करणे बंधनकारक करा. ठेकेदार बदलला तरी माणसाच्या आदेशाची नोंद पुढच्या ठेकेदाराकडे गेली पाहिजे, ही अट ठेक्याच्या करारातच घाला. प्रकल्पग्रस्तांच्या मोबदल्यात आणि भूखंडात वेगळी राहणारी बायको आणि लेकरे यांची नोंद झाल्याशिवाय वाटप करू नका. राज्य सरकारने थकीत पोटगी वसूल करणारी यंत्रणा उभी करावी, आणि ती वसूल होईपर्यंत लेकराला आगाऊ रक्कम द्यावी.

आणि एक काम सरकारची वाट न बघता आपल्याला करता येते. दर रविवारी विहारात वंदना होते. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास कायद्यासाठी ठेवा. एखाद्या वकील भगिनीला बोलवा, विधी सेवा प्राधिकरणाच्या माणसाला बोलवा. शपथपत्र कसे भरायचे, वॉरंटचा अर्ज कसा करायचा, हे शिकवा. ज्या बापाने वर्षभर लेकराला एक रुपया दिला नाही, त्याला जयंतीच्या मंचावर हार घालण्याआधी दोनदा विचार करा. वर्गणीची पावती फाडणारा हात लेकराची फी भरत नसेल, तर त्या वर्गणीचे मोल किती?

जमीन गेली, ती परत येणार नाही. पण त्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या नोकरीचा पगार दर महिन्याला येतो. त्यातला लेकराचा वाटा त्याच्या ताटात पडलाच पाहिजे. तो मागायला लाजू नका, तो द्यायला चुकू नका.

जयभीम!